घोडा, उंट, मेंढी, शेळी

बूट कापायचा नाही, म्हणाली दुलमसुरेन.
मी कात्री घेऊन उभी,
आणि तिचा पाय नमद्याच्या बुटात
उतू जायला आलेल्या दुधासारखा
काठापर्यंत सुजलेला.

"बूट नवा आहे. घोटा सत्याहत्तर वर्षांचा."

बाहेर उणे एकतीस. जनरेटर खोकतोय.
डॉक्टर एकशेचाळीस किलोमीटरवर, रस्ता बंद.
मोटारसायकलवर मागे बांधून तिला आणणारा छोइजिल
व्हरांड्यात खारा चहा पीत
भिंतीला पुन्हा पुन्हा सांगतोय:
बर्फ नव्हता, दावं होतं,
वासराच्या दाव्यात पाय अडकला.

या गवताळ उजाडात जेवढी माणसं सरळ चालतात
त्यातली निम्मी हिने चालती केली.
घोड्यावरून फेकलेली पोरं,
निखळलेले खांदे, तडकलेल्या नडग्या,
आणि एक डावा घोटा, माझा,
मी नऊ वर्षांची असताना.

मी ते सांगितलं नव्हतं.
मी नुसती दारातून टेबलापर्यंत आले
तर म्हणाली, "टाच अजून बाहेरून झिजवतेस.
तेव्हा तुझ्या बापाने घाई केली.
मला आणखी एक रात्र हवी होती."

माझा चेहरा तिला आठवत नव्हता.

टाच धर, म्हणाली.
दुसरा हात वर, जिथे पाऊल वळतं तिथे.
ओढू नकोस.
ओढलंस की पाय तुझ्याशी भांडणार.
थांब.

मी थांबले.
जनरेटर दोनदा बंद पडून दोनदा सुरू झाला.
बुटाच्या आत, माझ्या तळहाताखाली,
सव्वीस हाडं एकमेकांना विचारत असावीत,
सोडायचं का हिच्यावर?
मग झोपलेल्या मुलाच्या मुठीतून
खडा निघावा तसा पाय निघाला.
ती ओरडली नाही.
तिच्या वरच्या ओठावर फक्त घाम,
एवढ्या थंडीत.

फिल्म उजेडावर लावली.
नडगी शाबूत.
तिच्या शेजारची बारीक काडी,
जिला पुस्तकात नाव आहे, बोलण्यात नाही,
घोट्याजवळ तिरकी मोडलेली.
आणि दोघींच्या चिमट्यात, टाचेवर बसलेलं
ते एक हाड.
एकही स्नायू त्याला धरून नाही.
सगळ्या दोऱ्या त्याच्या अंगावरून
दुसऱ्याच कुणाकडे जातात.
अख्खं माणूस त्याच्यावर उभं,
आणि त्याला स्वतःहून
तसूभर हलता येत नाही.

"मेंढीचं असतं तर खेळायला घेतलं असतं," ती म्हणाली
आणि अंगरख्याच्या घडीतून
चार शागाई काढली, मेंढ्यांच्या घोट्यांची हाडं,
बोटांनी चाळीस वर्षं चोळून मधासारखी झालेली.
एका कुशीवर पडलं तर घोडा, दुसऱ्या कुशीवर उंट,
पालथं मेंढी, उताणं शेळी.

ही मी ओळखली.
टाक, म्हणाली होती ती तेव्हा मला,
घोडा पडला तर तुझं नशीब.
मी टाकली, वाकून पाहू लागले,
आणि मागून माझ्या पायात
सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज झाला.
दुखायला वेळच मिळाला नाही.
काय पडलं होतं, ते आजतागायत माहीत नाही.

प्लास्टरची पट्टी पाण्यात भिजत घातली.
पाणी कोमट होतं, माझे हात नव्हते.
"टाका तुम्ही," मी म्हणाले.

तिने टाकली.
टेबलाच्या पत्र्यावर खळखळ झाली.
तिने तिकडे पाहिलंच नाही.
ती माझी बोटं पाहत होती,
कुठे दाबतात,
कुठे दाबायला घाबरतात.

काडी जागेवर आली तेव्हा आम्हा दोघींना एकदमच कळलं.

छोइजिलने दारातून मान आत घातली,
वाकून मोजलं.
तीन मेंढ्या, एक शेळी.
बेताचंच आहे, म्हणाला.

"बूट शेगडीजवळ ठेवू नकोस," ती मला म्हणाली,
"नमदा आकसतो."